तिला स्वतःचे नावही आठवेना



८ फेब्रुवारी हा संत जोसेफिन बखिता हिचा सण. २०१५ सालापासून हाच दिवस मानवी तस्करीच्या विरोधातील प्रार्थनादिन म्हणून जगभरच्या ख्रिस्तसभेत पाळला जातो. या निमित्ताने तिचे चरित्र प्रत्येक घरात वाचले जावे आणि मुलांनाही वाचून दाखवावे, अशी माझी विनंती आहे. कोणी म्हणेल, "फादर, दिवसभर राबून आल्यावर असल्या दुःखाच्या गोष्टी कशाला वाचायच्या? आणि ती तर आफ्रिकेतली. तिचा आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तिच्या जीवनातच सापडते.

बखिताचा जन्म सुमारे १८६९ साली सुदानच्या दारफूर भागात, ओल्गोसा नावाच्या गावी झाला. घरी आईवडील, भावंडे, शेतीवाडी असे खाऊनपिऊन सुखी कुटुंब होते. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी आधी तिच्या थोरल्या बहिणीला पळवले. पुढे सात-आठ वर्षांची असताना तिलाही गावाबाहेरच्या शेतातून उचलून नेले. त्या धक्क्याने ती लेकरू आपले नावच विसरून गेली. आईवडिलांनी ठेवलेले नाव तिला पुन्हा कधी आठवले नाही. 'बखिता' हे नाव तिला पळवणाऱ्यांनी दिले. अरबी भाषेत त्याचा अर्थ 'भाग्यवान'! केवढी ही थट्टा!

त्यानंतर तिला बाजारात पुन्हा पुन्हा विकण्यात आले. एकदा ती दुसऱ्या एका मुलीबरोबर पळाली, पण ज्याने आसरा दिला त्यानेच दोघींना परत विकले. एका तुर्की सेनाधिकाऱ्याच्या घरी तिच्या कोवळ्या अंगावर शंभराहून अधिक ठिकाणी कापून नक्षी काढली गेली आणि जखमांत मीठ चोळले गेले. ते व्रण तिच्या अंगावर मरेपर्यंत होते.

शेवटी खार्टूम येथे एका इटालियन वाणिज्यदूताने तिला विकत घेतले. या घरी प्रथमच तिला चाबकाचा मार बसला नाही. १८८५ साली ती त्याच्याबरोबर इटलीला आली आणि तिथे मिकिएली नावाच्या कुटुंबात त्यांच्या लहान मुलीला सांभाळू लागली. या कुटुंबाच्या कारभाऱ्याने तिला चांदीचा एक छोटा क्रूस दिला. येशू कोण हे तिला ठाऊक नव्हते, पण क्रूसावरच्या त्या माणसाकडे ती टक लावून पाहत राही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेविषयी लिहिलेल्या परिपत्रकात तिचाच दाखला दिला आहे. ज्या धन्याला स्वतः फटके खावे लागले, असा धनी तिला सापडला, आणि त्यातून तिच्या जीवनात आशा आली, असे त्यांनी सांगितले आहे.

पुढे मालकीणबाई काही काळ सुदानला गेल्या. तेव्हा मुलीला आणि बखिताला त्यांनी व्हेनिस येथे कनोसा धर्मभगिनींच्या मठात ठेवले. तिथे बखिताला देवाची ओळख झाली. मालकीणबाई न्यायला परत आल्या तेव्हा ती म्हणाली, "मी येणार नाही." आयुष्यभर जिला दुसऱ्यांनी इकडून तिकडे हलवले, तिने स्वतः घेतलेला हा पहिला मोठा निर्णय. मालकीणबाई हट्टाला पेटल्या, पण मठातील भगिनी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. प्रकरण अधिकाऱ्यांपुढे गेले. इटलीच्या कायद्यात गुलामगिरीला स्थान नाही, म्हणून ती स्वतंत्र आहे, असा निकाल २९ नोव्हेंबर १८८९ रोजी लागला. ९ जानेवारी १८९० रोजी तिचा स्नानसंस्कार झाला. ८ डिसेंबर १८९६ रोजी तिने धर्मभगिनी म्हणून व्रते घेतली. स्कियो या गावच्या मठात तिने स्वयंपाक केला, शिवणकाम केले, दाराशी येणाऱ्यांचे स्वागत केले. ८ फेब्रुवारी १९४७ रोजी ती प्रभूघरी गेली आणि १ ऑक्टोबर २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिला संत म्हणून घोषित केले.

आता आपण विचार करू. असे चरित्र वाचताना आपल्याकडून दोन चुका होऊ शकतात.

पहिली चूक म्हणजे, "ते लोकच तसले क्रूर" असे म्हणून पुस्तक मिटणे. बखिताला पळवणारे आफ्रिकेतले होते, छळणारे तुर्की होते, पण तिच्यावर हक्क सांगणारे घर ख्रिस्ती देशातले होते. क्रूरपणा कोणत्याही एका जातीची किंवा देशाची मालमत्ता नाही. योसेफाला विकले ते परक्यांनी नव्हे, त्याच्याच भावांनी. आणि इजिप्तमध्ये इस्राएलच्या मुलग्यांना मारण्याचा हुकूम निघाला, तेव्हा नदीतून मोशेला उचलून घेणारी कोण होती? हुकूम काढणाऱ्या फारोचीच मुलगी! ती आपल्या लोकांतली नव्हती, आपल्या धर्माची नव्हती, पण बाळाचे रडणे ऐकून तिला दया आली आणि बापाच्या हुकमाविरुद्ध तिने त्याला वाढवले. देव कोणत्या घरातल्या स्त्रीला हाताशी धरील, हे आपण ठरवू शकत नाही.

दुसरी चूक म्हणजे, चार आसवे गाळून आपले कर्तव्य झाले असे समजणे. देवाने मोशेला सांगितले की त्याने आपल्या लोकांचा आकांत ऐकला आहे, आणि लगेच त्याला फारोकडे पाठवले. ऐकणे आणि पाठवणे यांत देवाने अंतर ठेवले नाही. आपले वाचणेही असेच हवे.

मग आपल्याला कुठे पाठवले जात आहे? फार दूर नाही. लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारी मुलगी, हॉटेलात टेबल पुसणारा पोऱ्या, एखाद्या इमारतीत तान्ह्या बाळाला सांभाळायला गावाकडून आणलेली बारा वर्षांची पोर. २००६ साली आपल्या सरकारने चौदा वर्षांखालील मुलांना घरकामाला आणि हॉटेलात ठेवण्यास बंदी केली. २०१६ साली ही बंदी सर्वच कामधंद्यांना लागू झाली. तरी आपण म्हणतो, "आमच्याकडे ती सुखात आहे, पोटभर जेवते, आम्ही तिला मारत नाही." मिकिएली यांच्या घरीही चाबूक नव्हता. पण ती आपली नाही, ती देवाची आहे, हे त्या घराला कळले नाही. अशा मुलाला आपण नावाने तरी ओळखतो का? की "ए पोरी" एवढेच? देव आपल्यातल्या प्रत्येकाला नाव घेऊन बोलावतो. ज्या लेकराचे नाव कोणी घेत नाही, त्याचे नाव विचारणे ही सेवेची सुरुवात आहे. नाव विचारा, गाव विचारा, शाळा विचारा. एखाद्या मुलाचा छळ होत असल्याचे दिसले तर गप्प बसू नका. १०९८ या क्रमांकावर फोन करा. तो फोन करणे म्हणजे चुगली नव्हे.

आणखी एक गोष्ट. उतारवयात बखिता म्हणत असे की तिला पळवणारे भेटले तर ती गुडघे टेकून त्यांच्या हातांचे चुंबन घेईल, कारण त्या वाटेनेच ती येशूपर्यंत पोहोचली. हे ऐकवून कोणी छळ सोसणाऱ्या बाईला किंवा मुलाला "सहन कर, क्षमा कर" असे सांगू नये. बखिताने आधी ठामपणे "नाही" म्हटले, मग ती मोकळी झाली, आणि मोकळ्या मनाने तिने क्षमा केली. तिच्या ठायी "नाही" म्हणण्याचे बळ होते आणि क्षमा करण्याचेही. दोन्ही बळे तिला क्रूसाकडे पाहून मिळाली. आपल्या मुलींना आपण फक्त दुसरे शिकवतो. पहिलेही शिकवू या.

मुंबईत कनोसा भगिनींच्या शाळांत आपल्यापैकी कित्येकांच्या लेकी शिकल्या आहेत. बखिताच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या त्याच संघाच्या या भगिनी. तेव्हा तिचा आपला काय संबंध, असे म्हणायला जागा नाही.

आपण प्रार्थना करू या: हे प्रभो, ज्या लेकरांची नावे जग विसरले, ती तुझ्या हातावर कोरलेली आहेत. आम्हांला त्यांचे रडणे ऐकू येऊ दे, आणि ऐकल्यावर उठण्याचे बळ दे. संत जोसेफिन बखिता, आम्हांसाठी विनंती कर. आमेन.