तिसऱ्या खुर्चीवरून

सारंग,

तुझ्या आईचा फोन आला होता. तू बँड सोडलास, स्वतःचा काढणार आहेस, आणि सॅक्सोफोनच्या चार खुर्च्यांतल्या तिसरीवर तुझी उमेद वाया चालली आहे, असं तुझं म्हणणं तिने सांगितलं. तीन तासांच्या कार्यक्रमात वाट्याला सोळा बारचा एकच सोलो येतो, हेही. मी स्वतः अठ्ठावीस वर्षं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या खुर्चीवर काढली. तुला समजवायला तिने नेमकं मलाच धरावं, यात तिचा खोडकरपणा आहे. फोनवर बोललो असतो तर चिडलो असतो, म्हणून पत्र.

बँड काढ, मी आडवा येत नाही. त्याआधी महिनाभर बेनी कार्टर ऐक, एवढंच म्हणतो.

तुम्ही मुलं चार्ली पार्करपासून सुरुवात करता आणि मागे वळून बघत नाही. स्विंगच्या काळात अल्टो सॅक्सोफोनवर दोनच नावं घेतली जायची, जॉनी हॉजेस आणि बेनी कार्टर. हॉजेस सुरांत मध घालायचा. कार्टरचा सूर इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखा, कुठे सुरकुती नाही. पहिल्यांदा ऐकताना तो तुला थंडही वाटेल. मला वाटला होता.

हा १९०७ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला. शेजारी बबर माइली राहायचा, पुढे एलिंग्टनच्या बँडमध्ये गाजलेला ट्रम्पेटवाला. त्याच्यासारखं वाजवायचं म्हणून पोराने पैसे साठवून गहाणवटीच्या दुकानातून ट्रम्पेट घेतला. लगेच जमेना, तेव्हा तो परत करून सॅक्सोफोन घेऊन आला. (दहावीत तू गिटार आठ दिवसांत विकलीस तेव्हा मी ओरडलो होतो. ते शब्द मागे घेतो.) पण ट्रम्पेट त्याच्या मनातून गेला नाही. १९३९ सालचं 'मोअर दॅन यू नो' लाव, त्यातला ट्रम्पेट त्याचाच. रीडवर ओठांची ठेवण एक आणि ट्रम्पेटच्या माउथपीसवर अगदी निराळी. एकाच माणसाला दोन्ही इतकं स्वच्छ साधलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

अ‍ॅरेंजिंग त्याला कोणी शिकवलं नाही. बाजारात छापील पार्ट मिळायचे, ते जमिनीवर पसरायचे, गुडघ्यांवर बसायचं आणि कोणता सूर कोणाकडे गेला आहे ते बघायचं. सगळे पार्ट एकाखाली एक दाखवणारी स्कोअर नावाची गोष्ट असते हे त्याला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर आधी लीड ट्रम्पेटचा पार्ट लिहायचा, मग लीड सॅक्सचा, मग बाकीचे, असं चाललं होतं. आमच्या सिटिंगला, म्हणजे गाणी बसवायच्या बैठकीला, गोव्याचे अ‍ॅरेंजर असायचे. मांडीवर पुठ्ठा घेऊन, समोर चहा थंड होत असताना ते वायोलिनचे पार्ट लिहून काढायचे. कार्टरची ती गोष्ट वाचली तेव्हा मला तीच माणसं आठवली.

१९३० साली फ्लेचर हेंडरसनच्या बँडसाठी त्याने 'कीप अ साँग इन युअर सोल' बसवलं, आणि १९३३ साली स्वतःचं 'सिम्फनी इन रिफ्स'. यांत सॅक्सोफोनचा सेक्शन आला की बाकी सगळं विसर. एखाद्याने सुचेल तसं वाजवावं अशी मोकळी ओळ, आणि ती सगळ्या सेक्शनच्या तोंडून एका श्वासात येते. आता माझं काम कर. वरचा सूर कानाआड कर आणि तिसरा शोध. सुरुवातीला सापडणार नाही. सापडला की तोच गुणगुणून बघ. अनेक अ‍ॅरेंजरांच्या हाताखाली तिसरा पार्ट म्हणजे उरलेल्या सुरांचा डबा असतो, हे मी पोटातून सांगतो. कार्टरकडे तो गाता येतो.

१९३५ साली तो युरोपात गेला. लंडनला बीबीसीच्या डान्स ऑर्केस्ट्रासाठी त्याला अ‍ॅरेंजमेंट लिहायला ठेवलं. अमेरिकन वादकांना तेव्हा ब्रिटनमध्ये जाहीर वाजवायची बंदी होती, लिहायची नव्हती. म्हणून हा पठ्ठ्या आठवड्यामागून आठवडे लिहीत बसला. त्याच मुक्कामात, १९३६ साली, 'व्हेन लाइट्स आर लो' ध्वनिमुद्रित झालं. गायिका एलिझाबेथ वेल्च. तू मागच्या गणपतीत हेच वाजवलंस, माइल्स डेव्हिसवरून उचलून. माइल्सने ब्रिजच्या, म्हणजे चालीच्या मधल्या भागाच्या, जागी मूळ चालच वरच्या पट्टीत नेऊन ठेवली आणि कार्टरचा ब्रिज गाळला. तू ते तसंच वाजवलंस आणि मी मांडवात गप्प बसलो. माइल्स १९४०च्या दशकात कार्टरच्याच बँडमध्ये वाजवून गेलेला, त्याला तो हक्क असेल. तुला नाही. मूळ ब्रिज ऐक, चाल कुठून कुठे फिरवून परत दारात आणून सोडली आहे ते बघ.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी पत्र लांबवतो आहे.

२८ एप्रिल १९३७, पॅरिस. दोन अल्टो, कार्टर आणि आंद्रे एकियां. दोन टेनर, कोलमन हॉकिन्स आणि आलिक्स कोंबेल. गिटारवर जँगो राइनहार्ट. स्तेफान ग्रापेली, ज्याला सगळे वायोलिनसाठी ओळखतात, तो त्या दिवशी पियानोवर. 'हनीसकल रोज' आणि 'क्रेझी रिदम' ही गाणी कार्टरने चार सॅक्सोफोनसाठी बसवली. एका बाजूला तीन मिनिटं, जुन्या तबकडीचा हिशेब. 'क्रेझी रिदम'मध्ये चौघे एकामागून एक येतात, शेवटी हॉकिन्स असा सुटतो की कोणीतरी मागून ओरडून त्याला पुढे ढकलतं. त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात हॉकिन्स राहिला. सगळ्यांना उभं राहायला जमीन कार्टरने दिली होती.

मग १९६१, न्यूयॉर्क. 'फर्दर डेफिनिशन्स' नावाची एलपी. पुन्हा चार सॅक्सोफोन, पुन्हा हॉकिन्स, पुन्हा हीच दोन गाणी. दुसऱ्या अल्टोवर फिल वूड्स, कार्टरहून चोवीस वर्षांनी धाकटा, पार्करच्या वाटेवरचा. दुसऱ्या टेनरवर चार्ली राउज, थेलोनिअस मंकच्या बँडमधला. मधल्या चोवीस वर्षांत जॅझ उलटंपालटं झालेलं. तरी चारही माणसं आपापल्या बोलीत बोलतात आणि सेक्शन आला की एका घरातली होतात. कार्टर ना तरुण होण्याचा आव आणतो, ना जुन्या दिवसांचं रडगाणं गातो. दोन्ही मुद्रणं एकाच संध्याकाळी पाठोपाठ ऐक. ईअरफोनवर नको, तुझ्या वडिलांच्या स्पीकरवर.

बँड काढण्याबद्दल. वादक मंडळी कार्टरला 'किंग' म्हणायची, पण त्याचा बँड बेनी गुडमनसारखा कधी खपला नाही. १९३९-४० मध्ये हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये चांगला बसलेला त्याचा बँडसुद्धा मोडला. गाजलं काय, तर दोघांबरोबर लिहिलेलं 'काऊ काऊ बूगी'. पुढे लॉस एंजेलिसला सिनेमा आणि टीव्हीसाठी लिहून त्याने घर चालवलं. तिथे गोऱ्या आणि काळ्या वादकांच्या दोन वेगळ्या युनियन होत्या. त्या १९५३ साली एक झाल्या, त्यासाठी खटपट करणाऱ्यांतही तो होता. तेव्हा हिशेब लिहायला वही घे, आणि पहिले पैसे वादकांना दे, पोस्टर छापणाऱ्याला नंतर.

पावसाळ्यात रीड काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून वाळवत जा, डबीत ओली ठेवू नकोस, बुरशी धरते. आणि ध्वनिमुद्रण करून दर आठवड्याला जगाला पाठवणं थांबव. तू मागच्या महिन्यात पाच पाठवलीस, त्यांतलं दुसरं चांगलं होतं.

दिवाळीला ये. येताना कुठल्याही एका चालीचे चार सॅक्सोफोनचे पार्ट लिहून आण. अल्टो इ-फ्लॅटमध्ये, टेनर बी-फ्लॅटमध्ये, आणि दम घ्यायच्या जागांवर खुणा कर. दोन टेनरवाले मी जमवतो. पहिला अल्टो तू वाजव. तिसरा पार्ट मुद्दाम अल्टोसाठी लिही, तो मी वाजवीन. कवळी बसल्यापासून वरच्या सुरांवर फूक निसटते, तेव्हा फार उंच नेऊ नकोस.

तुझा
मामा