एक घर, दोन आठवणी

चिखलदऱ्याच्या पंचबोलवर एक हाक घातली की दरीतून ती पाच वेळा परत येते म्हणतात. हाक एकच, पण प्रत्येक कडा आपापल्या अंतरावरून उत्तर देतो.

गेल्या दिवाळीत आम्ही भावंडे तेथे बसलो होतो. धाकटी म्हणाली, "बाबा किती मायाळू! मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवीत." दादा म्हणाला, "मला त्यांची छडीच आठवते." धाकटीचा चेहरा उतरला.

खोटे कोण? धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ साली निघाले, पत्नी आनंदीबाईंचे 'माझे पुराण' १९४४ साली. संसार एकच. एकात संस्थेची उभारणी, दुसऱ्यात त्यापायी घराने सोसलेली ओढाताणही. खोटे कोणीच नव्हे.

दादाच्या वाट्याला कर्जात बुडालेले बाबा आले. त्याने शाळा सोडून पगार घरी आणला, तेव्हा कोठे बाबा हसू लागले. धाकटीला लाभलेली माया दादाच्या घामाची होती. आपली गोड आठवण तिने जपावी. पण त्याची कडू आठवण ऐकणे म्हणजे पित्याचा द्रोह नव्हे. ते भावाचे देणे आहे.

उतरताना तिने विचारले, "दादा, छडी कशासाठी बसायची रे?" आणि तो प्रथमच बोलू लागला.