मी तर फक्त पुढे पाठवले



एखादी गोष्ट आपण रचलेली नसते. एकाकडून आली, ती दुसऱ्याला दिली, इतकेच. पुढे ती खोटी निघाली, तिच्यामुळे कुणाची नाचक्की झाली किंवा कुणाच्या जिवावर बेतले, तर दोष कुणाचा? रचणाऱ्याचा की पोहोचवणाऱ्याचा?

प्रश्न जुनाच आहे. पूर्वी तो विहिरीवरच्या कुजबुजीला लागू होता, आज तो मुलांच्या हातातील मोबाईलला लागू आहे. विहिरीवरची गोष्ट वेशीबाहेर पडायला वेळ लागे. तोपर्यंत एखादी शहाणी बाई 'तुला हे कुणी सांगितले?' असे विचारी. आता तेवढी उसंत मिळत नाही. म्हणून तो प्रश्न विचारण्याची सवय मुलांना मुद्दाम लावावी लागते.

असा एक प्रयत्न युरोपातील शाळांमध्ये चालू आहे. युरोपियन कमिशनने २००५ साली 'ई-ट्विनिंग' नावाचा उपक्रम सुरू केला. वेगवेगळ्या देशांतील शिक्षक एक विषय ठरवतात आणि त्यांचे वर्ग इंटरनेटवरून मिळून काम करतात. त्यासाठी त्यांना एक बंदिस्त जागा दिलेली असते, जिथे बोलावल्याखेरीज कुणाला शिरता येत नाही. २०२१ साली या उपक्रमाचा वार्षिक विषय होता माध्यमसाक्षरता आणि खोटी माहिती. सोशल मीडिया कसा वापरावा हे मुलांनी एकमेकांच्या सोबतीने शिकावे, असे प्रकल्प तिथे होत असतात.

समजा, पोलंडमधील एक वर्ग आणि पोर्तुगालमधील एक वर्ग असा प्रकल्प करीत आहेत. पहिले काम ओळख करून देण्याचे. पण मुलांचे फोटो आईवडिलांच्या परवानगीशिवाय टाकायचे नसतात. मग कित्येकदा मुले स्वतःऐवजी एखादे चित्र तयार करून लावतात. त्यानंतर दोन्ही वर्ग मिळून नियम लिहितात : कुणाचा फोटो न विचारता टाकायचा नाही, कुणाची टिंगल करायची नाही, दुसऱ्याचे काम आपले म्हणून दाखवायचे नाही. मग एखादी बातमी तपासायला घेतात. ती कुणी लिहिली? केव्हा? तिच्यासोबतचा फोटो त्याच घटनेचा आहे की कुठून तरी उचललेला?

हे सारे एखाद्या शिक्षकाला आपल्या वर्गात, फळ्यावर लिहूनही शिकवता आले असते. मग दुसऱ्या देशातील वर्ग कशाला हवा?

आम्हांला वाटते, खरे शिक्षण इथेच आहे. मोबाईलबद्दल आपण मुलांना ज्या सूचना देतो त्या आठवून पाहा. पासवर्ड कुणाला सांगू नकोस. अनोळखी माणसाशी बोलू नकोस. घरचा पत्ता देऊ नकोस. या सूचना आवश्यकच आहेत, परंतु त्या सर्वांचा अर्थ एकच : स्वतःला सांभाळ. 'दुसऱ्याला सांभाळ' हे त्यांत कुठेच येत नाही. पलीकडे असलेला माणूस म्हणजे केवळ धोका, एवढेच मूल शिकते. प्रकल्पात मात्र तो अनोळखी मुलगा सोबती होतो. आपल्या वर्गात हशा पिकवणारा विनोद त्याला लागला, हे त्याच्या उत्तरावरून कळते. काचेपलीकडे एक माणूस आहे, हा धडा फळ्यावरून शिकवता येत नाही.

काही पालक म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? मुलांना सोशल मीडियापासून दूरच ठेवा. या म्हणण्यात तथ्य आहे. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी खाते उघडू देऊ नये, असा कायदा लागू झाला. कंपन्यांवर जबाबदारी टाकणे योग्यच आहे, कारण मुलांनी पडद्याला चिकटून राहावे यातच त्यांचा नफा आहे. पण बंदीने वेळ मिळतो, विवेक मिळत नाही. सोळाव्या वाढदिवशी खाते मिळेल, मात्र न विचारता फोटो टाकू नये हे त्या दिवशी आपोआप कळणार नाही.

आणि ज्यांची सोळा वर्षे केव्हाच उलटली त्यांचे काय? १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागून जगणारे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरलेली होती. त्या संशयावरून जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अफवा पुढे पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या पाच जणांना कधी पाहिलेही नसेल. आपण मुलाबाळांच्या भल्यासाठीच सावध करतो आहोत, असे त्यांतील कित्येकांना मनापासून वाटले असेल.

मग दोष कुणाचा? आमच्या मते उत्तर असे आहे. निरोप रचणाऱ्याला घेणारा ओळखत नाही. तो ओळखतो पाठवणाऱ्याला. 'आपल्या मावशीने पाठवले आहे', 'आपल्या सरांनी पाठवले आहे', म्हणून तो विश्वास ठेवतो. म्हणजे पुढे पाठवणे हे नुसते पोहोचवणे नव्हे, ते जामीन राहणे आहे. जामीन राहणारा 'कर्ज मी काढले नाही' असे म्हणून सुटत नाही. ज्याला खरे-खोटे कळण्याचा मार्गच नव्हता त्याचा दोष निश्चितच कमी. पण ज्याला विचारता आले असते आणि ज्याने विचारले नाही, त्याचा दोष हजारांनी तेच केले म्हणून हजार भागांत वाटला जात नाही.

मे २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या संपर्कमाध्यम विभागाने सोशल मीडियाविषयी जे चिंतन प्रसिद्ध केले, त्याचा आधार दयाळू शमरोन्याचा दाखला हा आहे. शमरोन्याला वाटेवर पडलेला माणूस डोळ्यांना दिसला होता. आपल्याला काचेपलीकडचा माणूस दिसत नाही. त्याला मनाने पाहावे लागते, आणि तेच अवघड आहे.

युरोपातील त्या मुलांसारखा प्रकल्प आपल्या धर्मशिक्षण वर्गाला लगेच जमेल असे नाही. पण सुरुवात घरातून करता येईल. प्रथम ख्रिस्तप्रसादाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी त्या मुलीलाच विचारावे, 'टाकू का गं?' ती नको म्हणाली तर टाकू नये. आपल्याला विचारले जाते, आपल्या 'नको'ला किंमत असते, हे ज्या मुलाला घरी अनुभवायला मिळते, ते उद्या दुसऱ्यालाही विचारील. आणि मनाला चटका लावणारा निरोप आला तर तो पुढे पाठवण्याआधी पाठवणाऱ्याला तोच जुना प्रश्न करावा : तुला हे कुणी सांगितले? उत्तर मिळाले नाही, तर तो निरोप आपल्यापाशीच थांबू द्यावा.