हुसकावलेल्या पाखरांचा सवाब

जूनच्या आरंभी असरच्या नमाजनंतर जमातीतील एका बांधवाने मला थांबवून विचारले, “मौलाना, अब्बांनी बांधावर जांभूळ लावले. पण फळ पिकू लागले की दिवसभर गलोल घेऊन बसायचे. पाखरांना टिकू द्यायचे नाहीत, मुलांनाही नाही. आता ते नाहीत आणि पाखरे खुशाल खातात. याचा सवाब अब्बांना पोचेल का?”

त्याचा आवाज दाटला होता. तरीही केवळ ‘होय’ म्हणून त्याची बोळवण करणे मला योग्य वाटले नाही.

प्रथम झाडाकडेच पाहू. सूरह अल-अनआमच्या ९९व्या आयतीत अल्लाह आपल्याला फळ धरताना पाहण्यास सांगतो आणि ते पिकतानाही पाहण्यास सांगतो. कच्चे जांभूळ हिरवे व तुरट असते. बी अजून तयार नसते, तोवर त्याला कोणी तोंड लावू नये, अशी ही व्यवस्था आहे. बी तयार झाली की रंग गडद होतो, गर गोड होतो. मग पाखरे, वटवाघळे, कांडेचोर येतात, गर खातात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. मूळ झाडाच्या दाट सावलीत रोप सहसा तग धरीत नाही. म्हणून हा प्रवास आवश्यक असतो. मिरचीची तऱ्हा तर याहून सूक्ष्म. तिचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. दाढांनी बी चिरडणाऱ्या प्राण्यांना मात्र तो झोंबतो. (माणूस झोंबले तरी खातो, ही गोष्ट निराळी!)

तेव्हा हा गर एका परीने वाहतुकीची मजुरी आहे. पण आपण पेरणी करीत आहोत, हे पाखराला ठाऊक नाही आणि मजुरी देत आहोत, हे झाडाला ठाऊक नाही. नीयत केवळ माणसापाशी आहे. येथेच प्रश्न बिकट होतो. कर्माचे मोल नीयतवर ठरत असेल, तर पाखरांना हुसकावणाऱ्याला त्यांनी खाल्लेल्या फळांचे पुण्य कसे मिळावे?

सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय असा की, मुसलमानाने लावलेल्या झाडाचे जे खाल्ले जाते, ते त्याच्यासाठी सदका ठरते, पाखरांनी खाल्लेलेही, आणि चोरीला गेलेलेही. चोराचे भले व्हावे म्हणून कोणी झाड लावत नाही. तरीही ते जमेस धरले जाते. यावरून माझी अल्पशी समजूत अशी आहे की, मुलाबाळांच्या हलाल रोजीसाठी झाड लावणे, एवढी नीयत येथे पुरेशी आहे; पुढचे सारे अल्लाहचे फजल. आपल्या मालाची राखण करणे हा गुन्हा नव्हे. मात्र गलोलीने एखादे पाखरू विनाकारण जायबंदी झाले असेल, तर त्याचा हिशेब वेगळा आहे, हेही मी त्याला सांगितले. ऐकून तो क्षणभर गप्प झाला.

मग म्हणाला, “ओढ्यापलीकडे जांभळाची चार-पाच रोपे आली आहेत. कुणीच लावलेली नाहीत. तीही अब्बांचीच धरायची का?”

जमिनीच्या अंधारातला एकही दाणा अल्लाहच्या ज्ञानाबाहेर नाही, याच सूरहमधील या वचनापलीकडे माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याच्या मुलांच्या शाळेची फी या जांभळांतून निघते. म्हणून हाताला येणाऱ्या फांद्यांना जाळी लावावी आणि शेंडे मोकळे ठेवावेत, असे मी त्याला सुचवले.