क्रीडेतील कसोटी आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न

मार्च २०१७ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने 'टॅमो रेसमो' ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार मांडली. मध्यभागी बसवलेले १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १९० अश्वशक्ती आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ६ सेकंदांच्या आत गाठण्याची क्षमता, अशी तिची वैशिष्ट्ये सांगण्यात आली. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा होरायझन ३' या शर्यतीच्या संगणकीय खेळातून तिचे पदार्पण होईल, अशी घोषणाही त्याच वेळी झाली. पुढे ही मोटार उत्पादनात आली नाही. ज्या उद्योगाशी पिंपरीचे नाव जोडले गेले आहे, त्याची वाहने आजवर आधी रस्त्यावर आली आणि मग लोकांच्या कल्पनेत रुजली. येथे तो क्रम उलटवण्याचा संकल्प होता: मोटार रस्त्यावर येण्यापूर्वी खेळणाऱ्याने ती पडद्यावर चालवावी, जुळवावी, पारखावी. हा संकल्प एका जुन्या प्रश्नाकडे नव्याने लक्ष वेधतो. ज्या कसोटीत कोणाचेही काही पणाला लागत नाही, तिला कसोटी म्हणावे काय?

या प्रश्नाचे घाईने नकारार्थी उत्तर देण्यापूर्वी त्या कसोटीचे स्वरूप पाहणे इष्ट ठरेल. अशा खेळातील ट्यूनिंग म्हणजे केवळ रंगरंगोटी नव्हे. टायरमधील हवेचा दाब, गिअरची गुणोत्तरे, चाकांचा कॅम्बर म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, स्प्रिंगचा ताठरपणा, अँटी-रोल बार, ब्रेकच्या जोराची पुढच्या व मागच्या चाकांतील वाटणी, असे अनेक घटक खेळाडूला बदलता येतात. आणि त्यांतील एकही घटक सुटा नसतो. गिअरची गुणोत्तरे आखूड केली, तर मोटार झटकन वेग घेते, पण तिचा कमाल वेग घटतो. मोटारीला रस्त्याकडे दाबणारा हवेचा जोर वाढवला, तर वळणावरची पकड सुधारते, पण सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा वाढतो. पुढचा अँटी-रोल बार फार ताठ केला, तर स्टिअरिंग वळवूनही मोटारीचे नाक वळणाबाहेर सरकत राहते. 'सर्वोत्तम' मांडणी अशी काही नसतेच; अमुक मार्गासाठी, अमुक चालवणाऱ्यासाठी, अमुक गोष्ट गमावून पत्करलेली मांडणी तेवढी असते. निवड म्हणजे त्याग, हा नीतिशास्त्रातला साधा सिद्धांत येथे अंकांच्या भाषेत समोर येतो.

ही निवड पारखण्याची एक शिस्त आहे. एका वेळी एकच घटक बदलायचा, मार्ग आणि हवामान तेच ठेवायचे, अनेक फेऱ्या मारायच्या, आणि एखाद्याच वेगवान फेरीवर विश्वास ठेवायचा नाही. यातही एक सूक्ष्म अडचण राहते. प्रत्येक फेरीबरोबर चालवणाऱ्याला मार्ग अधिक परिचित होत जातो. तेव्हा वेळ कमी झाला, तो बदललेल्या स्प्रिंगमुळे की सरावलेल्या हातामुळे, हे सहज कळत नाही. परीक्षक स्वतःच परीक्षेचा एक भाग असतो. खात्री करून घ्यायची, तर जुन्या मांडणीकडे परत जाऊन पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. एखादी संहिता पुनःपुन्हा वाचणाऱ्या समीक्षकाची अडचण याहून फार वेगळी नाही: संहितेत नवे काही सापडले, की वाचकच बदलला? स्वतःला फसवल्याने जेथे कोणाचेही नुकसान होत नाही, तेथेही स्वतःला न फसवणे, ही निखळ ज्ञाननिष्ठा होय. तिला पोरखेळ म्हणून बाजूला सारणे न्याय्य होणार नाही.

मात्र या निष्ठेतून लाभणारे ज्ञान कोणत्या दर्जाचे असते? न्यायदर्शनाने येथे उपयुक्त असा भेद केला आहे. सोळा पदार्थांत तर्काला स्थान आहे. पण तो प्रमाण नाही, प्रमाणाचा साहाय्यक आहे. 'असे असते तर तसे झाले असते' एवढेच तर्क सांगतो. वस्तू तशी आहे, याची ग्वाही तो देत नाही. खेळातील कसोटी अशा तर्काच्या जातीची आहे. पडद्यावरचा टायर रस्त्याला धरतो, तो कोणी तरी लिहिलेल्या गणिती नियमानुसार. त्या नियमात त्रुटी असेल, तर प्रत्यक्षात टिकणारच नाही अशी मांडणीही तेथे यशस्वी ठरू शकते. म्हणजे खेळाडू तपासतो ती मोटार नसते; मोटारीविषयीची एक नियमव्यवस्था असते. त्या व्यवस्थेपुरते त्याचे ज्ञान खरेच असते.

ज्ञानाच्या दर्जाचा हा भेद मान्य केला, तरी नैतिक प्रश्न उरतोच. समजा, निगडीतील एका खोलीत कोणी पडद्यावरच्या मोटारीच्या ब्रेकचा जोर मागच्या चाकांकडे सरकवून पाहत आहे. आणि चाकणच्या एखाद्या कारखान्यात कोणी खऱ्या गाडीचे ब्रेक तपासून कागदावर सही करीत आहे. दोघांचे कार्यकारणाचे ज्ञान सारखे असू शकेल. किंबहुना ती एकच व्यक्ती असेल, दिवसा तेथे आणि रात्री येथे. ब्रेकचा जोर मागे फार गेला, की मागची चाके आधी अडकतात आणि गाडी गरकन फिरते, हे दोन्ही ठिकाणी खरे आहे. फरक असा, की 'फोर्झा'सारख्या खेळात घडलेला प्रसंग काही क्षण मागे नेण्याची सोय असते; एक बटण दाबले, की मोटार वळणाच्या अलीकडे उभी. सही झालेली गाडी मात्र पुणे-नाशिक महामार्गाला लागते, आणि सही करणाऱ्याने कधीही न पाहिलेले कोणी तरी तिच्यात बसलेले असते. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' ही संकल्पना मांडताना, काहीही दोष नसताना ज्याच्या गाडीखाली मूल सापडते अशा ट्रकचालकाचे उदाहरण घेतले होते. त्याचा खेद बघ्याच्या खेदाहून वेगळा असतो. कारण घटना त्याच्या हातून घडलेली असते. ज्याला घडलेले मागे नेता येते, त्याला चूक कळू शकते. हा खेद मात्र त्याच्या वाट्याला येत नाही.

घडलेले मागे नेण्याची कल्पना संगणकाने प्रथम आणली, असे मात्र नव्हे. महाभारताच्या सभापर्वात द्यूत संपल्यावर धृतराष्ट्र द्रौपदीला वर देतो, पांडव दास्यातून मुक्त होतात, हरलेले सारे त्यांना परत मिळते. पटावरच्या हिशेबाने खेळ आरंभाच्या स्थितीला येतो. इतका, की तो पुन्हा मांडलाही जातो. परंतु भर सभेत द्रौपदीची जी विटंबना झाली, ती परत घेता येत नाही. पण मागे नेता येतो, कृती मागे नेता येत नाही. ज्यांनी खेळाच्या नियमांचा आधार घेऊन मौन पाळले, त्यांना खेळाचा निकाल रद्द झाल्याने मौनाची जबाबदारी चुकली नाही. कसोटी केव्हा नैतिक होते, याचे उत्तर येथे मिळते: जेव्हा खेळाच्या चौकटीबाहेरची एखादी व्यक्ती तिच्या परिणामात सापडते, तेव्हा.

मराठी सौंदर्यविचाराला हा प्रश्न अपरिचित नाही. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांचा जो सविस्तर विचार केला, त्याच्या मुळाशी कलेचे विश्व जीवनव्यवहारापासून कितपत स्वतंत्र आहे, हाच प्रश्न आहे. शर्यतीचा खेळ अलौकिकतेच्या टोकाला उभा आहे. तेथे स्वातंत्र्य आहे, म्हणूनच निर्भय प्रयोगही आहे. साहित्यकृतीत वाचकाला पान मागे उलटता येते, पण घटना बदलता येत नाही. द्यूतसभा कितीही वेळा वाचली, तरी तशीच घडते. परिणामांपासून वाचक सुरक्षित असतो, परंतु अपरिवर्तनीयतेपासून त्याची सुटका नसते. म्हणून साहित्य खेळाहून श्रेष्ठ ठरते असे नव्हे. दोहोंकडून मिळणारे शिक्षण भिन्न आहे. खेळ पर्याय पारखायला शिकवतो, साहित्य परत न फिरणाऱ्या क्षणाकडे पाहायला शिकवते. कारखान्यातील तपासनीसाला सही करताना या दोन्ही शिक्षणांची गरज असते. सहीचे उत्तरदायित्व मात्र त्याचे त्यालाच घ्यावे लागते.