कुंपण कोणाचे?



पावसाळा संपून जमीन जरा आवळली की वाड्यांमध्ये कुंपणाची कामे निघतात. बांबू, सुरूच्या बल्ल्या, जुन्या घराच्या उतरवलेल्या फळ्या, जे हाताशी असेल ते. अशाच तयारीत असलेल्या एका गृहस्थांनी मला मिस्सानंतर गाठले. "फादर, जागा माझी, लाकूड माझे, पैसा माझा. मोजणीही झाली आहे. मग शेजाऱ्याला विचारायचे कशाला?" प्रश्न सरळ होता. उत्तर तितके सरळ नाही, म्हणून उभ्या उभ्या न देता इथे लिहितो.

आधी त्यांच्या बाजूने बोलू. कुंपण घालणे हे पाप नव्हे. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातील काही सज्जनांना वाटते की ख्रिस्ती माणसाने 'माझे' हा शब्दच उच्चारू नये. बायबल तसे म्हणत नाही. अनुवाद या ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवण्यास मनाई आहे आणि 27 व्या अध्यायात तसे करणाऱ्याला शाप आहे. खूण सरकवणे हा अपराध असेल, तर हद्द ही खरी गोष्ट असलीच पाहिजे. 13 व्या शतकात संत थॉमस ॲक्विनास यांनी 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात खासगी मालकीच्या बाजूने तीन कारणे दिली. माणूस स्वतःच्या वस्तूची काळजी अधिक घेतो. कोणी काय सांभाळायचे ते ठरलेले असले की गोंधळ होत नाही. आणि सामाईक मालमत्तेवरून भांडणे जास्त होतात. संत थॉमस इटलीतले, पण चार भावांच्या एका सातबाऱ्याचे दुखणे त्यांनाही ठाऊक असावे!

आपण बहुतेक इथेच पुस्तक मिटतो. संत थॉमस मात्र थांबत नाहीत. त्याच उत्तरात ते वस्तू सांभाळण्याचा अधिकार आणि वस्तूचा वापर या दोन गोष्टी वेगळ्या करतात. अधिकार एकट्याचा असू शकतो. वापर मात्र ती वस्तू सर्वांसाठी आहे अशा वृत्तीने, दुसऱ्याची गरज पाहून करावा.

मग कुंपण यांपैकी कशात मोडते? माझे मत असे की हद्द मालकीत मोडते आणि कुंपण वापरात. हद्द ही रेषा आहे. शाळेत शिकलो त्याप्रमाणे रेषेला लांबी असते, जाडी नसते. तिची सावली कोणाच्या वाफ्यावर पडत नाही. कुंपणाला जाडी आहे, उंची आहे. सहा फुटांच्या फळ्या शेजारच्या भाजीचे ऊन खाऊ शकतात. फळ्या जमिनीला टेकवून ठोकल्या तर जुलैचे पाणी अडते आणि पलीकडच्या अंगणात तुंबते. शिवाय ओलीने त्या खालून कुजतात ते वेगळेच. शिवाय कुंपणाला दोन बाजू असतात. एकीकडे सफाईदार फळ्या, दुसरीकडे खांब, आडव्या पट्ट्या आणि खिळ्यांची टोके. रेषा दोघांना सारखीच दिसते, कुंपण तसे दिसत नाही. तेव्हा 'मोजणी झाली आहे' हे हद्दीच्या प्रश्नाचे उत्तर झाले.

अमेरिकेतील अनेक गावांत नियमच आहे की कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्याकडे असावी. त्यामागे गावाची शोभा एवढाच हेतू असेलही, पण मला तो नियम न्याय्य वाटतो. कुंपण घालणाऱ्याने ते निवडलेले असते. पलीकडच्याला ते न निवडता रोज पाहावे लागते. आणखी एक गंमत पाहा. अगदी रेषेवर उभ्या केलेल्या कुंपणाच्या पलीकडल्या बाजूला रंग लावायचा, तर शेजाऱ्याच्याच जागेत पाय ठेवावा लागतो. ज्याला विचारायचे नव्हते, त्यालाच दर दोन-तीन वर्षांनी विचारायचे! दीड-दोन फूट आत सरकून खांब रोवले तर ही अडचण येत नाही, पण तेवढी जमीन सोडणे जिवावर येते. लेवीय ग्रंथाच्या 19 व्या अध्यायात कापणी करताना शेताच्या कडा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायला सांगितले आहे. कडा शेतकऱ्याच्याच मालकीच्या होत्या, हे विसरू नये.

खरी कसोटी पायवाटेची. समजा, शेजारच्या आजी वर्षानुवर्षे तुमच्या वाडीतून देवळात येतात आणि कुंपणाने ती वाट बंद होणार आहे. (अशा वाटा आपल्याकडे कितीतरी आहेत, कोणी अंगावर ओढून घेऊ नये.) 1882 च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे एखादी वाट 20 वर्षे उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वापरली, तर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. पण मालकाच्या परवानगीने वापरलेल्या वाटेवर तो हक्क तयार होत नाही. म्हणजे तुमच्या वडिलांनी "या हो, जा इथूनच" असे प्रेमाने म्हटले असेल, तर त्या प्रेमामुळेच आजींच्या हाती काही उरत नाही. न विचारता वाट तुडवणारा कदाचित कोर्टात जिंकेल. विचारून येणाऱ्या आजी हरतील. कायदा चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. परवानगीचा हक्क होऊ लागला तर कोणी कोणाला वाट देणार नाही. पण जिथे कायद्याने आजींना काही दिलेले नाही, तिथेच तुमच्यावर जबाबदारी येते. त्यांनी आपले चालणे-फिरणे त्या वाटेच्या भरवशावर बसवले आहे. इतकी वर्षे दिलेली मुभा हे न बोललेले वचन असते.

ते वचन कायमचे आहे का? नाही. उद्या मुलासाठी घर बांधायचे असेल तर वाट हलवावी लागेल. पण एका सकाळी आजींच्या पायांपुढे अचानक फळ्या येऊ नयेत. शक्य असेल तिथे एक लहान फाटक ठेवावे. खर्च फार नाही, एक बिजागरीची जोडी आणि कडी.

तर गृहस्थांच्या प्रश्नाचे माझे उत्तर: परवानगी मागायची गरज नाही, पण विचारण्याची आहे. परवानगी मागणे म्हणजे निर्णय दुसऱ्याच्या हाती देणे. विचारणे म्हणजे खांबांचे खड्डे खणण्यापूर्वी जाऊन बोलणे, जेव्हा त्याच्या बोलण्याने उंची, जागा किंवा फाटक अजून बदलू शकते. खड्डे झाल्यावर विचारणे हे निव्वळ कळवणे.

खर्च कोणी करायचा, हेही त्यांनी जाता जाता विचारले होते. ज्याला कुंपण हवे, त्याने. शेजाऱ्याने न मागितलेल्या कुंपणाचे निम्मे पैसे त्याच्याकडे मागू नयेत. तो आपण होऊन देऊ लागला तर घ्यावेत, पण मग रंगही दोघांनी मिळून ठरवावा.

आपला,
धर्मगुरू