वशिला आणि शिफारस

विद्यार्थ्यानें आपलें काम आपणच शोधावें, हा उपदेश ऐकावयास गोड लागतो. परंतु तो सर्वांस सारखाच लागू पडतो किंवा नाहीं, याचा विचार क्वचितच होतो. महाराष्ट्रांतील पदव्युत्तर शिक्षणांत २०२३-२४ पासून, पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रांत, प्रत्यक्ष कामाच्या अनुभवास चार श्रेयांक मिळूं लागले. हें काम मिळवावयाचें कसें, हा प्रश्न मात्र पुष्कळदां विद्यार्थ्यावरच सोडलेला असतो.

एकाच वर्गांतील दोघे कल्पून पाहा. एक मुलुंडचा; त्याचे मामा अंधेरीच्या एका कंपनींत अधिकारी. एका दूरध्वनीनें त्याचें काम झालें. दुसरा घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर राहणारा, रिक्षावाल्याचा मुलगा. तो मेट्रोनें मरोळला उतरतो, औद्योगिक वसाहतींत दारोदार हिंडतो आणि पहारेकऱ्याच्या हातीं अर्ज देऊन परततो. अखेर त्यास कोठें तरी हिशेब उतरून काढण्याचें काम मिळतें. गुणपत्रकावर मात्र दोघांचेहि श्रेयांक सारखेच!

मग पहिल्यानें अपराध केला काय? तसें आम्हांस वाटत नाहीं. शिफारस आणि वशिला ह्या दोन वस्तु भिन्न आहेत. शिफारस ही साक्ष होय. मुलाचें काम ज्यानें पाहिलें, तो आपली पत पणास लावून ती देतो. वशिला मुलाविषयीं कांहींच सांगत नाहीं. तो केवळ मागणाराचें वजन सांगतो. कसोटी सोपी आहे: हाच शब्द मामांनीं तितक्याच गुणी, पण परक्या मुलासाठीं टाकला असता काय?

कोणी म्हणतील, काम शोधण्यांतच स्वावलंबनाचा धडा आहे. आहेच. अर्ज लिहिणें, नकार पचविणें, पुन्हां जाणें, हें वर्गांत शिकतां येत नाहीं. परंतु ज्या परीक्षेचीं उत्तरें निम्म्या वर्गास घरूनच मिळतात, ती स्वावलंबनाची परीक्षा कशी म्हणावी? ही पद्धति १९०६ सालीं अमेरिकेंत सिनसिनाटी विद्यापीठांत हर्मन श्नायडर यांनीं सुरू केली, तेव्हां विद्यार्थ्यांच्या जोड्या करून एकानें कारखान्यांत तर दुसऱ्यानें वर्गांत, अशी आळीपाळी ठरविली होती. कारखानदारांशीं बोलणें विद्यापीठानेंच केलें होतें. आमच्या मतें न्याय तेथेंच आहे: जो श्रेयांक देतो, त्यानें साक्षहि द्यावी. ज्याला मामा नाहीं, त्याचा मामा महाविद्यालयानें व्हावें.

ती व्यवस्था होईपर्यंत, ज्याच्यासाठीं दार उघडलें, त्याच्यावर दोन ऋणें राहतात. नेमलेले तास त्यानें खरोखर भरावे. न जातां मिळविलेलें प्रमाणपत्र हें उघड असत्य होय. आणि पुढील वर्षीं एखादा अनोळखी मुलगा अर्ज घेऊन फाटकाशीं उभा राहील, तेव्हां तो अर्ज त्यानें स्वतः आंत नेऊन द्यावा.